सीपीयूचं दार

गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, ताटं उचलली गेली आणि भाच्याने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "मामा, हे घेऊ का?" स्क्रीनवर एक छोटासा, गुळगुळीत, दोन तळहातांत मावेल असा डबा. त्याला थ्रीडी ॲनिमेशन शिकायचं आहे, कोर्सला प्रवेश झालाय आणि दाजींनी मशीनसाठी दोन लाख बाजूला काढलेत. त्यातले काही एफडी मोडून, हे ताईने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

मी विचारलं, "हा उघडतो कुठून?"

भाचा म्हणाला, "उघडायचा कशाला?"

आणि दाजी म्हणाले, "तुझ्यासारखं धूड नको रे बाबा घरात. तो सीपीयू आहे की धान्याची कोठी?"

सगळे हसले. मीही हसलो. मला भांडण सुचतं ते नेहमी घरी आल्यावर, स्कूटर स्टँडला लावताना. तर ते भांडण आता इथे लिहितोय. दाजी हा ब्लॉग वाचतात (आणि वाचलं नाही असं सांगतात), तेव्हा पोचेल. :)

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. जाणकार मंडळी कॅबिनेट म्हणतात, टॉवर म्हणतात. चूक आहे हे माहीत असूनही माझ्या तोंडी सीपीयूच येतं. इथे मी बोलतोय ते त्या उभ्या डब्याबद्दल, ज्यावर माझ्यासारख्यांचं पोट आहे. एडिटिंग करणारे, साउंडवाले, थ्रीडीवाले, प्रोग्रॅमर, आर्किटेक्ट. ज्यांचं मशीन रात्रभर रेंडर करतं आणि सकाळी ते झालं नसेल तर ज्यांना पैसे मिळत नाहीत, ते सगळे.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. या लोकांना डिझाइनकडून सगळ्यात आधी हवी असते ती निर्णय लांबणीवर टाकायची सोय. दोन वर्षांनी कोणतं काम हातात येईल हे आज मला माहीत नाही. तेव्हा किती रॅम लागेल, कोणतं कार्ड लागेल, किती डिस्का लागतील हे मी आज कसं सांगू? जो डबा म्हणतो की आत्ताच काय ते ठरव, नंतर दार बंद, तो कितीही देखणा असला तरी माझ्या धंद्याच्या कामाचा नाही. देखणेपणा, आकार, आवाज, रंग, सगळं या एका गोष्टीनंतर.

"हे तुमच्यासारख्या चार हौशी लोकांचं खूळ आहे" असं कुणी म्हणेल. म्हणून उदाहरण मुद्दाम ॲपलचं घेतो. डिझाइन म्हणजे काय हे जगाला शिकवायचा मक्ता त्यांच्याकडे आहे असं सगळे मानतात. आणि गंमत म्हणजे हाच टॉवर त्यांनी आधी अप्रतिम बनवला, मग बिघडवला, मग चूक कबूल केली, मग पुन्हा चांगला बनवला, आणि शेवटी आतून रिकामा करून टाकला. एवढा स्वच्छ धडा दुसऱ्या कुठल्या कंपनीने दिलेला नाही.

१९९९ साली त्यांचा निळा-पांढरा पॉवर मॅक जी३ आला. त्याच्या बाजूला एक कडी होती. कडी ओढली की अख्खी बाजू दारासारखी खाली आडवी व्हायची आणि त्या दारावरच मदरबोर्ड बसवलेला असायचा. स्क्रूड्रायव्हर नाही, डब्यात हात खुपसणं नाही, बोटं कापून घेणं नाही. रॅम समोर, स्लॉट समोर. ज्यांनी त्या काळातले पत्र्याचे कॅबिनेट उघडलेत आणि ज्यांच्या बोटांवर त्याच्या खुणा आहेत, त्यांना हे दार म्हणजे काय ते कळेल.

मग २००३ साली पॉवर मॅक जी५ आला, ॲल्युमिनियमचा, पुढून-मागून भोकंच भोकं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'किसणी'. आत नऊ पंखे आणि हवेचे चार वेगळे कप्पे, प्रत्येक कप्प्याची उष्णता वेगळी बाहेर. २००६च्या ऑगस्टमध्ये त्याच अंगाचा मॅक प्रो आला, इंटेलच्या दोन झिऑन प्रोसेसरांचा, २,४९९ डॉलरला. बाहेरून तोच डबा, पण आतली रचना पाहून मला आजही हेवा वाटतो. हार्ड डिस्कसाठी चार खण. डिस्क एका ट्रेला चार स्क्रूंनी बसवायची आणि ट्रे खणात सरकवायचा. केबल नाही! रॅम दोन वेगळ्या पट्ट्यांवर, त्या पट्ट्या ओढून बाहेर टेबलावर घ्यायच्या, रॅम लावायची, परत सरकवायच्या. मागची एक खिट्टी उचलली की बाजूचा पत्रा निघायचा.

मला हे डिझाइन वाटतं, कारण ते ज्या क्षणासाठी केलं होतं तो क्षण खरा आहे. माणूस टॉवर उघडतो तो मजेत कधीच उघडत नाही. रात्रीचे दोन वाजलेले असतात, सकाळी डिलिव्हरी असते, एक डिस्क कुरकुरत असते आणि एका हातात मोबाइलचा टॉर्च असतो. त्या वेळी केबल शोधावी न लागणं हीच खरी कलाकुसर.

आणि याचा परिणाम काय झाला ते बघा. २०१० आणि २०१२ सालचे मॅक प्रो लोकांनी कितीतरी वर्षं चालवले. सहा कोअरचे दोन झिऑन टाकून त्याचे बारा कोअर केले. कार्डावर बसवून एसएसडी घातल्या. २००९च्या मॉडेलवर २०१०च्या मॉडेलचं फर्मवेअर चढवलं, आणि हे कंपनीने नव्हे, वापरणाऱ्यांनी. २०१८ साली मॅकओएस मोहावी आली, तिला मेटल चालवणारं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. जुन्या टॉवरमधलं मूळचं कार्ड चालत नव्हतं. लोकांनी कार्ड बदललं आणि २०१०चं मशीन खुद्द कंपनीच्या मान्यतेने २०१८च्या सिस्टिमवर चालायला लागलं. एक कार्ड बदललं, आणि मशीनचं आयुष्य वाढलं. २०१० साली विकत घेताना हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. माहीत असण्याची गरजही नव्हती, कारण स्लॉट होता.

आमच्या विदर्भात वखराची पास झिजली की पास बदलतात. पास झिजली म्हणून कुणी अख्खा वखर फेकून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता बिघाडाकडे येऊ. २०१३च्या जूनमध्ये नवा मॅक प्रो दाखवला गेला. काळा, चकचकीत सिलिंडर. उंची २५ सेंटिमीटर, व्यास साडेसोळाच्या थोडा वर, वजन पाच किलो, आकार आधीच्या टॉवरच्या एक अष्टमांश. नवं काही सुचत नाही म्हणणाऱ्यांना फिल शिलर यांनी त्याच स्टेजवरून सणसणीत टोलाही हाणला. टाळ्या पडल्या. डिसेंबरात विक्री सुरू झाली, २,९९९ डॉलरपासून.

दिसायला सुंदर होता, खोटं कशाला बोलू. आत मधोमध ॲल्युमिनियमचा तिकोनी गाभा. त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना दोन ग्राफिक्स कार्डं, आणि तिघांची उष्णता ओढून घ्यायला वर एकच पंखा. इंजिनिअर लोकांनी कौतुकाने बघत बसावं असं. पण यात एक पैज लावलेली होती, आणि ती पैज वापरणाऱ्याच्या पैशांवर लावलेली होती. पैज अशी की पुढचं काम दोन मध्यम ताकदीच्या ग्राफिक्स कार्डांत वाटून होईल. जग मात्र एकाच मोठ्या, तापट कार्डाच्या दिशेने गेलं. आणि त्या तिकोनी गाभ्याला तीन बाजूंना साधारण सारखाच भार हवा होता. एका बाजूला राक्षसी कार्ड बसवायची सोयच नव्हती. सिलिंडरचा एसएमपीएस ४५० वॅटचा. २०२२ साली आलेलं एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्डच ४५० वॅटचं आहे!

बरं, डिस्कांचे खण गेले, स्लॉट गेले, त्याचं काय? ते सगळं थंडरबोल्टच्या केबलींनी बाहेरून जोडा, असं उत्तर होतं. म्हणजे झालं काय? डब्याचा आकार एक अष्टमांश झाला आणि उरलेले सात भाग टेबलावर आले. एक डब्बा डिस्कांचा, एक डब्बा कार्डाचा, प्रत्येकाचा वेगळा ॲडॉप्टर, प्रत्येकाचा वेगळा पंखा, आणि मध्ये तो सुंदर सिलिंडर, केबलींच्या जंजाळात बसलेला. घर आवरलं म्हणून सगळं सामान ओसरीवर नेऊन टाकण्यातला हा प्रकार. फोटोत ओसरी येत नाही, एवढंच.

२०१७च्या एप्रिलमध्ये ॲपलने मोजक्या पत्रकारांना बोलावून हे मान्य केलं. उष्णतेच्या बाबतीत आपल्याच डिझाइनने आपल्याला कोपऱ्यात कोंडलं, अशा अर्थाचं क्रेग फेडरिगी बोलले. जे लोक वाट बघत राहिले त्यांच्याबद्दल दिलगिरीही व्यक्त झाली. एवढी मोठी कंपनी असं बोलते हे मला आवडलं होतं. पण हिशोब करा. २०१३ ते २०१९, सहा वर्षं तेच मशीन. त्या सहा वर्षांत किती एडिटरांनी आपली सवय, आपलं सॉफ्टवेअर, आपली घडी मोडून दुसरीकडे संसार हलवला असेल? माफी मागून ते परत येत नाहीत.

२०१९ साली परत टॉवर आला. वरचं हँडल फिरवायचं आणि अख्खं कवच टोपीसारखं वर उचलायचं, की चारी बाजू मोकळ्या. आठ स्लॉट, रॅमचे बारा स्लॉट आणि दीड टेराबाइटपर्यंत रॅम, १,४०० वॅटचा एसएमपीएस. वजन १८ किलो. दाजी, हे खरं धूड! आणि जगातल्या सगळ्यात नीटनेटक्या कंपनीने ते विचारपूर्वक बनवलं, सहा वर्षं चिमुकला सिलिंडर विकून झाल्यावर. त्यांना धूड का बनवावं लागलं याचा जरा विचार करावा ही नम्र विनंती.

अर्थात हौस फिटली नव्हतीच. किंमत ५,९९९ डॉलरपासून, आणि तेवढ्यात मिळणारी एसएसडी २५६ जीबीची. चाकं हवी असतील तर आणखी ४०० डॉलर, आणि त्या चाकांना ब्रेक नाहीत. सोबतच्या मॉनिटरचा नुसता स्टँड ९९९ डॉलरचा. दार उघडलं खरं, पण उंबऱ्यावर तिकीट लावून.

तरी मी म्हणेन की तो टॉवर प्रामाणिक होता. दुःख आहे ते २०२३चं. त्या वर्षी ॲपलने स्वतःचा एम२ अल्ट्रा हा प्रोसेसर त्याच टॉवरात घातला. तेच हँडल, तेच कवच, त्याच जाळीदार भिंती. किंमत ६,९९९ डॉलरपासून. आत बघावं तर रॅम प्रोसेसरलाच जोडलेली, खरेदी करताना घ्याल तेवढीच, जास्तीत जास्त १९२ जीबी. म्हणजे आधीच्या टॉवरच्या कमाल मर्यादेच्या एक अष्टमांश. (हा एक अष्टमांश त्यांचा आवडता अपूर्णांक दिसतो!) सहा स्लॉट मोकळे, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नाही. साउंडची कार्डं, व्हिडिओ घेणारी कार्डं, डिस्कांची कार्डं, एवढंच. आणि अगदी तोच प्रोसेसर त्याच वर्षी मॅक स्टुडिओ नावाच्या छोट्या डब्यात ३,९९९ डॉलरला मिळत होता. वरच्या तीन हजार डॉलरमध्ये तुम्हाला मिळत होते ते स्लॉट, आणि भरपूर हवा.

एखाद्या वाड्याचा दिंडी दरवाजा मोठ्या हौसेने जपावा, कड्या-कोयंडे पॉलिश करावेत, आणि आत गेल्यावर मोकळं पटांगण लागावं, तसं काहीसं. दार आहे, पण त्यातून जाऊन करायचं काय?

आता तुम्ही म्हणाल की याचा सगळा रोख ॲपलवर. नाही हो. दुसऱ्या बाजूचे लोकही काही कमी नाहीत. विंडोजवाल्या टॉवरांच्या जगात एक फार मोठी पुण्याई आहे, ती म्हणजे एटीएक्स हे माप. इंटेलने ते १९९५ साली आणलं. मदरबोर्डला स्क्रू कुठे लागणार, मागची खिडकी केवढी असणार, हे ठरून गेलं आणि तेव्हापासून ते टिकलं. एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा मदरबोर्ड, तिसरीचा एसएमपीएस, आणि सगळं एकमेकांत बसतं, ते या मापामुळे. माझ्या मते संगणकाच्या डिझाइनमधलं सगळ्यात सुंदर काम हे आहे, आणि त्याचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

पण त्या पुण्याईवर बसून चाललंय काय? हवा जिथून आत यायला हवी तिथे काच! समोर काच, बाजूला काच, आत इंद्रधनुष्यासारखे दिवे. काम करायच्या मशीनला लग्नाच्या मांडवाची रोषणाई. आणि काही मोठे ब्रँड ऑफिससाठी जे तयार टॉवर विकतात, त्यांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड स्वतःच्या खास मापाचे असतात. बाहेरून टॉवर, आत ताळेबंद. एसएमपीएस गेला की त्यांच्याच दारात उभं राहायचं. तेव्हा पाप दोन्हीकडे आहे.

हवेचा विषय निघालाच आहे तर नागपूरकर म्हणून थोडं बोलतो. मॅक प्रोच्या तांत्रिक माहितीत वापरायचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलेलं असे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. कूलर लावूनही दुपारी खोलीचा पारा पस्तिशीच्या खाली येईल याची खात्री नसते. साधं गणित आहे. चिप १०० अंशांपर्यंत चालू द्यायची असेल आणि खोली २५ अंशांवर असेल तर मध्ये ७५ अंशांचा फरक मिळतो. खोली ४२वर गेली तर उरतात ५८. तेवढाच पंखा, तेवढाच वेग, आणि बाहेर टाकली जाणारी उष्णता पाव भागाच्या आसपास कमी. मग मशीन स्वतःहून मंदावतं किंवा पंखे विमानासारखे ओरडायला लागतात. मोठ्या डब्यात मोठा पंखा बसतो, मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. मी साउंडचं काम करतो, मला आवाज कमी हवा. म्हणून मला धूड हवं. धान्याच्या कोठीचं शास्त्र हे असं आहे, दाजी.

आणि धूळ. आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत माळा, पंखे, देवघर आणि सीपीयू असा क्रम असतो. पत्रा काढायचा, जाळी धुवायची, पंख्याच्या पात्यांवरची धूळ ब्रशने झाडायची. दरवर्षी वाटीभर निघते. ज्या डब्याची जाळी बाहेर काढून नळाखाली धरता येत नाही, तो डबा बनवणाऱ्याने मे महिन्यातला नागपूर बघितलेला नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. खरं तर हे सगळं भांडण तिच्यामुळेच आहे.

माझा टॉवर मी २०११ साली सीताबर्डीवर असेम्बल करून घेतला. तेव्हापासून त्यात रॅम चार वेळा वाढली, कार्ड तीनदा बदललं, मदरबोर्ड आणि प्रोसेसर २०१८ साली एकदा. कॅबिनेट मात्र तेच. २०२०च्या एप्रिलमध्ये, कडक लॉकडाउनमध्ये, एका संस्थेची छोटी फिल्म माझ्याकडे होती. त्या महिन्यात घरात येणारे पैसे तेवढेच होते, बाकीची सगळी लग्नं रद्द झालेली. एका संध्याकाळी फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि मशीन बंद. एसएमपीएस गेला.

दुकानं बंद. रस्त्यावर पोलीस. ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू, आणि एसएमपीएस जीवनावश्यक नाही हे मला तेव्हा सरकारकडून कळलं. माळ्यावर एक जुना, २००८ सालचा कॉम्प्युटर होता. बायको स्टुलाला धरून उभी राहिली, मी तो खाली काढला, त्याचा एसएमपीएस सोडवला आणि माझ्या टॉवरात लावला. बसला. बारा वर्षं जुना, भलत्याच कंपनीचा, पण माप तेच. ताकद कमी होती, म्हणून मोठं ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं आणि मदरबोर्डवरच्या साध्या व्हिडिओवर स्क्रीन जोडली. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मशीन सुरू झालं. रेंडर तिप्पट वेळ घेत होतं, पण होत होतं. फिल्म गेली, पैसे आले.

त्या रात्री मला कळलं की चांगल्या टॉवरची खरी परीक्षा तो धावतो तेव्हा होत नाही, लंगडतो तेव्हा होते. एक अवयव गेला तर बाकीच्यांनी कसंबसं उभं राहता आलं पाहिजे. आणि समजा मदरबोर्डच गेला असता, तरी डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावता आली असती. माझं काम माझ्या डिस्कवर होतं, डबा मेला तरी काम जिवंत. जिथे साठवण बोर्डाला चिकटवलेली असते आणि तिचं कुलूप प्रोसेसरकडे असतं, तिथे बोर्डाबरोबर कामही जातं. "बॅकअप घ्यायचा ना" हे मला सांगू नका, मी घेतो. पण आज संध्याकाळी केलेल्या कामाचा बॅकअप उद्या सकाळी होणार असतो, आणि मशीन मरतं ते रात्री.

समोरच्याची बाजूही मांडतो, नाहीतर ती कॉमेंटमध्ये येईलच. रॅम प्रोसेसरला खेटून बसवण्यात नुसती लबाडी नाही, खरा फायदा आहे. एम२ अल्ट्रामध्ये रॅम आणि प्रोसेसर यांच्यात सेकंदाला ८०० जीबी इतकी ये-जा होते. सुट्या पट्ट्यांच्या रॅमला हे साध्या मशीनमध्ये जमत नाही. वीज कमी लागते, उष्णता कमी, आवाज जवळजवळ नाही. आणि पुष्कळ लोक आयुष्यात एकदाही डबा उघडत नाहीत, त्यांना बंद डबा उत्तम. माझ्या बायकोकडे तसाच लॅपटॉप आहे आणि तिची काही तक्रार नाही.

मला हे सगळं मान्य आहे. मग रॅम चिकटवा, वेगासाठी. त्याला कारण आहे. पण साठवण का चिकटवता? पंखा का लपवता? स्लॉट देऊन त्यात कार्ड का चालू देत नाही? वेगासाठी केलेल्या एका तडजोडीच्या आडून बाकीची दहा दारं बंद करायची आणि वर त्याला साधेपणा म्हणायचं, माझी तक्रार त्या दहा दारांची आहे. साधेपणा कुणासाठी? बनवणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी. वापरणाऱ्याला तो साधेपणा चार वर्षांनी अख्खं मशीन नव्याने घ्यायला लावतो.

मग आम्हाला हवंय तरी काय? फार नाही. हत्याराशिवाय उघडणारी एक बाजू. डिस्का सहज निघतील असे खण. आज लागतील त्यापेक्षा दोन स्लॉट जास्त. गरजेपेक्षा दीडपट ताकदीचा आणि बाजारात कुठेही मिळेल अशा मापाचा एसएमपीएस. धुता येणारी जाळी. मोठे, सावकाश फिरणारे पंखे. पुढच्या बाजूला चार-दोन पोर्ट, म्हणजे पेनड्राइव्ह लावायला टेबलाखाली साष्टांग नमस्कार घालावा लागणार नाही. उचलायला मजबूत हँडल. आणि आतल्या पत्र्याच्या कडा गुळगुळीत. बाहेरून काळा असो, पांढरा असो, त्यावर गणपती काढलेला असो, माझं काही म्हणणं नाही.

यातली एकही गोष्ट नवीन नाही. १९९९ आणि २००६च्या त्या डब्यांमध्ये यातल्या बऱ्याचशा होत्या. म्हणजे जमत नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

तर आता भाच्याला. बाळा, तू थ्रीडी शिकणार आहेस. पहिल्या वर्षी तुला साधे आकार बनवायचे असतील. तिसऱ्या वर्षी तू धूर, पाणी, केस बनवत असशील, किंवा कदाचित थ्रीडी सोडून भलतंच काही करत असशील. तुला आज माहीत नाही, आणि या वयात माहीत नसणंच बरोबर आहे. म्हणून दोन लाख एकदम संपवू नकोस. चांगलं कॅबिनेट, चांगला एसएमपीएस आणि चांगला मदरबोर्ड घे, तिथे कंजूषी नको. कार्ड मधलं घे. २०२५च्या शेवटी रॅमच्या किमती कशा भडकल्या ते आपण बघितलं, तेव्हा लागेल तेवढीच घे आणि दोन स्लॉट रिकामे ठेव. उरलेले पैसे दाजींना परत दे, त्यांची एफडी परत होऊ दे. दोन वर्षांनी तुझ्या पहिल्या कमाईतून कार्ड बदल. ते स्वतःच्या हाताने बदल.

येत्या शनिवारी घरी ये. माझा सीपीयू उघडून ठेवतो, यंदाची दिवाळीची साफसफाई तशीही तुझ्या मामाने केलेली नाही. ब्रश तू घे. बसायला जागा नसेल असं दाजींना वाटत असेल तर त्यांना सांग, कोठी मोठी आहे.